ओटाच्या वड्यांचे चाहते

बसा, आधी चहा घ्या. माझी फजिती ऐकायची आहे ना, मग कप हातात असलेला बरा. या गोष्टीत चहाचंही काम आहे, ते शेवटी कळेल.

लोणच्याला बुरशी येणं, व्याह्यांच्या पंगतीत कढी फाटणं, असल्या फजित्या काय, प्रत्येकीच्या होतात. माझी निराळी. माझ्या घरी माणसं येत नव्हती, ती यावीत म्हणून मी एक पदार्थ केला, आणि माणसं आली. भरपूर आली. रोज आली. फक्त ती कशासाठी येताहेत, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

साताऱ्याहून आम्ही अंबरनाथला आलो तेव्हा फाळणीला काही वर्षं होऊन गेली होती. शेजारच्या छावणीचं उल्हासनगर झालं होतं, सिंधी लोकांनी तिथे दुकानं थाटली होती, आणि अंबरनाथच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. अशाच एका नव्या कारखान्यात यांना नोकरी लागली, लोखंड कातायच्या लेथ मशीनच्या खात्यावर देखरेख करायची. हे म्हणजे आमचे यजमान. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे.

बिऱ्हाड मिळालं ते स्टेशनच्या पूर्वेला, चार घरांच्या बैठ्या चाळीत. पुढे अंगण, अंगणात नळ, मागे बोळ. आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. साताऱ्याच्या घरात जावा, नणंदा, त्यांची मुलं. दुपारी पाठ टेकायला भिंत रिकामी मिळायची नाही. इथे भिंतीच भिंती.

त्यात यांना रात्रपाळी. एखादा आठवडा नव्हे, कायमची. चाळ निजली की हे मागच्या बोळातून सायकल काढायचे, आणि कुणी उठायच्या आत परत यायचे. मग दिवसभर झोप. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दार लोटलेलं, आणि मी बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपराकडे सरकवून घरात वावरत असे.

आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी अंगणात मुलं लगोरी खेळत होती. मी दार किलकिलं केलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बाळांनो, जरा हळू. आत झोपलेत."

मुलं गेली. ती गेली ती गेलीच. त्यांच्या आया तर अजून आल्याच नव्हत्या. नळावर भेटलं की "काय वहिनी?" "काही नाही," एवढंच बोलणं. दुपारी चाळीतल्या बायकांची बैठक टोकाच्या घरी, प्रधानवहिनींच्या पडवीत भरायची. मला ती पडद्याच्या फटीतून दिसे. हसण्याचा आवाज यायचा, पण कशावर हसल्या ते ऐकू यायचं नाही. हसणं ऐकू यावं आणि गंमत ऐकू येऊ नये, यासारखं एकटं वाटायला लावणारं दुसरं काही नाही बघा.

तुम्ही म्हणाल, उठून जायचं होतं. मला नाही जमलं. बोलावल्याशिवाय जाऊन कुणाच्या पडवीत बसायचं, तर हातात काहीतरी हवं.

दिवसाकाठी माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारा एकच माणूस होता, गोमा दूधवाला. बदलापूरकडच्या एका गावातून तो चाळीला रतीब घालायचा. तेही बोलणं भांडणापुरतंच.

"गोमा, हे दूध आहे की भांडं विसळलेलं पाणी?"

"म्हसच तशी हाय गो बाय. तिला खायाला काय घालू, माजा कपाल?"

खरं सांगते, त्या भांडणाचीही मी वाट बघायची.

अशात कारखान्यातल्या एका परदेशी इंजिनिअरच्या मडमेनं कामगारांच्या घरच्यांना चहाला बोलावलं. तिने बशीतून चौकोनी वड्या फिरवल्या. खमंग, कडेने कुरकुरीत, आत खजूर आणि मनुका. मी विचारलं, कशाच्या? तिने एक डबा दाखवला. ओटाचा. मग हातवारे करत, मोडक्या हिंदीत कृती सांगितली. ओट, गूळ, लोणी, सुका मेवा, हाताशी असतील ती फळं, सगळं एका भांड्यात कालवायचं, थापायचं, भाजायचं, कापायचं. "बहुत सोपा," ती म्हणाली.

पण माझं लक्ष कृतीपेक्षा दुसरीकडेच होतं. ही बाई माझ्याहून कितीतरी लांबून आलेली. तिला आमची भाषा येत नाही, आम्हाला तिची. तरी तिच्याभोवती बायकांचा घोळका. कशामुळे? त्या बशीमुळे. माझ्या मनाने घेतलं, आपणही वड्या करायच्या.

ओट अंबरनाथात मिळेना. मी टांग्याने उल्हासनगरला गेले. तिथे लीलाराम नावाच्या वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे परदेशी डबे मिळत.

"ओट है?" मी विचारलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "किसके वास्ते, अदी?" सिंधी लोक बहिणीला अदी म्हणतात.

"हमारे साहेब के वास्ते," मी म्हटलं. घरी खाणारं माणूस तेवढंच.

"साहेब घर पे ही रहते हैं?"

"हां. दिनभर सोता है. हिलता भी नहीं."

लीलारामने सुस्कारा सोडला. वरच्या फळीवरून डबा काढला, धोतराने धूळ पुसली. खजूर-मनुका बांधून दिल्या आणि वर आणखी मूठभर मनुका पुडीत टाकल्या. "भगवान सब ठीक करेगा, अदी."

मला वाटलं, माणूस मोठा देवभोळा. मीही हात जोडले. "आपका भी ठीक करेगा."

तो डबा काय सुंदर होता. निळाशार, वर सोनेरी ओंब्यांचं चित्र. ओट बरणीत काढले आणि डबा धुऊन, त्यात शेवंतीची फुलं घालून पुढच्या खिडकीत ठेवला. ओढलेल्या पडद्यापुढे तो असा उठून दिसायचा की नळावर आलेलीची नजर पहिली तिकडेच जावी. मला तेच हवं होतं.

आता भाजण्याचं. मडमेकडे भट्टी होती, माझ्याकडे शेगडी. नानकटाई करतो तसं केलं. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर थाळीत थापलेल्या वड्या, वर झाकण, झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. पहिल्या खेपेला कडा जळल्या आणि मध्ये चिखल. दुसऱ्या खेपेला गूळ जास्त शिजला. वड्या दिसायला झकास झाल्या. दिसायला.

संध्याकाळी हे उठल्यावर मी एक पुढे केली. यांनी ती दाताखाली धरली, थांबले, बाहेर काढली आणि उजेडात फिरवून पाहिली.

"काय आहे हे?"

"ओटाची वडी. मडमेची."

"अगं, ही लेथवर घ्यावी लागेल."

"चावून तर बघा."

"चावूनच सांगतोय." मग खाली वाकून यांनी ती वडी पलंगाच्या एका पायाखाली सरकवली. तो पलंग आल्यापासून डुगडुगत होता. यांनी वर बसून पाहिलं. हलला नाही. "उत्तम झाली आहे," म्हणाले.

मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बशीत वड्या मांडल्या, वर विणलेला रुमाल टाकला आणि प्रधानवहिनींच्या दाराशी गेले. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, पण बोलावं लागलंच नाही. त्यांनी रुमाल उचलला, ओट पाहिले. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आमच्या खिडकीकडे, त्या डब्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा एकदम विरघळला.

"आत या, वहिनी. किती दिवस एकटीने सोसताय?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ओठ न उघडता या बाईंनी माझं मन वाचलं होतं.

"सवय नाही हो," मी म्हटलं. "घर अगदी गप्प असतं."

"असणारच. यजमान कसे आहेत?"

"झोपलेत. दिवसभर झोपूनच असतात. संध्याकाळी जरा उठून बसतात."

"आणि खाणं?"

"जेवतात बरे. पण ही वडी दिली तर चावली नाही त्यांना."

प्रधानवहिनींनी पदराचं टोक डोळ्याला लावलं. मला वाटलं, काय हळवी बाई, माझ्या वडीचा अपमान हिच्या जिव्हारी लागला.

"असं एकटीने काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही कशाला आहोत?"

मी म्हटलं, एक तरी वडी खाऊन बघा. तर म्हणाल्या, "नंतर. सगळ्यांनी मिळून खातो." आणि बशी फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आमच्याकडे आल्या. बशी परत द्यायला. रिकामी बशी कुणी परत करतं का? त्यात मोसंबी होती. त्यांच्यामागून साठेबाई आल्या, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मास्तरांच्या पत्नी. त्यांच्या हातात डाळिंब. मग मोहिनी आली, चाळीतली सिंधी सून, तिच्या नवऱ्याचं उल्हासनगरला कापडाचं दुकान होतं. तिने सफरचंदं आणली. अंगणातच चपला काढून, पाऊल न वाजवता सगळ्या आत आल्या आणि दबक्या आवाजात बोलू लागल्या. मला इतकं कौतुक वाटलं. रात्रपाळीच्या माणसाच्या झोपेची केवढी ही कदर.

आतून यांचं घोरणं येत होतं. यांचं घोरणं म्हणजे साधं नाही, मध्येच थांबतं, मग शिट्टी वाजते, मग पुन्हा सुरू. ते थांबलं की तिघी श्वास रोखायच्या. सुरू झालं की सोडायच्या.

"आम्हाला भिंतीतून ऐकू येतं हो," साठेबाई हळूच म्हणाल्या. "किती त्रास होत असेल."

"मला आता सवय झाली," मी म्हटलं. "पहिल्यांदा फार व्हायचा."

साठेबाईंनी माझा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून यांच्या घोरण्याबद्दल मला एवढी सहानुभूती कुणी दाखवली नव्हती.

आता एवढी फळं आली, ती दोन माणसांनी किती खायची? मी ती वड्यांत घातली. सफरचंदाच्या फोडी, मोसंबीची साल किसून, डाळिंबाचे दाणे वाळवून. वड्या केल्या की बशा भरून घरोघर. बशा गेल्या की फळं घालून परत. फळं आली की पुन्हा वड्या. माझी शेगडी विझेना. लीलारामकडे मी दुसरा डबा आणायला गेले तेव्हा त्याने काही न विचारता तो काढून दिला आणि खूण म्हणून नुसतं आकाशाकडे बोट केलं.

एकदा नळावर मी ऐकलं, साठेबाई मोहिनीला म्हणत होत्या, "आज माझी पाळी, उद्या तू जा." मी मनात सुखावले. सगळ्या एकदम आल्या तर मला वड्या पुरवताना त्रास होईल, म्हणून बिचाऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. एवढी माझ्या वड्यांची गोडी. नाही म्हणायला समोर बसून वडी खाल्लेली मी एकीलाही पाहिली नव्हती. "घरी नेते," हेच उत्तर. पण चांगली गृहिणी मुलांच्या आधी तोंडात घास घालते का? मीच मला समजावलं.

ते दिवस मात्र सोन्यासारखे गेले. मोहिनी यायची तेव्हा दारातल्या पायरीवर बसून तिच्या सिंधमधल्या घराबद्दल सांगायची. मोठं घर, अंगणात बोराचं झाड, सगळं सोडून आलेले. "भाभी, आदमी को सब सहन होता है," ती म्हणाली एकदा. "हम नहीं जी रहे? आप भी हिम्मत रखो." मला वाटलं, साताऱ्याचं घर सुटलं म्हणून ही माझी समजूत घालते आहे. आणि खरंच घातली गेली.

प्रधानवहिनींनी एकदा कागदाची पुडी हातात दिली. मी नुकतंच सांगितलं होतं, की आजचा घाणा जळला. त्या म्हणाल्या, "शंकराच्या देवळातला अंगारा आहे. श्रद्धेने लावा. गुण येईल."

मी तो शेगडीला लावला.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच सुमारास गोमाचं दूध सुधारलं. वर बोटभर साय धरू लागली. त्या सायीचं लोणी काढून मी वड्यांतच घालायची. "गोमा, हल्ली दूध बरं आहे हो," मी म्हटलं, तर गडी दात काढून हसला. "म्हस खुशीत हाय बाय." प्रधानवहिनीही म्हणाल्या, चहा काय छान होतो हल्ली. मला वाटलं, माझे दिवस पालटले ते सगळ्याच बाजूंनी पालटले.

आणि मग एके दिवशी प्रधानवहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "वहिनी, उद्या दुपारी आम्ही सगळ्या मिळून तुमच्याकडे बसायचं ठरवलंय. तुमची हरकत नाही ना?"

हरकत? मला रात्रभर झोप नाही. अख्खी चाळ माझ्याकडे वड्या शिकायला येणार. मी दुपारच्या आधीच पुढच्या खोलीत शेगडी आणून पेटवली. पातेलं, वाळू, परात, बरणी, कालथा, सगळं मांडलं. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून वड्यांचा एक घाणा आधीच भाजायला ठेवला.

बायका आल्या. आंघोळ करून, धुतलेली लुगडी नेसून. सोबत सतरंजी, समई, नारळ, फुलं. मी म्हटलं, केवढा हा मान. पदार्थ शिकायला कुणी समई घेऊन येतं का? पण आपल्याकडे शुभ काम करताना दिवा लावतातच. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, शेगडी कशाला ते त्यांना कळेना. मी समईकडे पाहिलं, मला ती कळली असं वाटत होतं.

सगळ्या गोल बसल्या. हात जोडले. मी कालथा हातात घेऊन मध्ये बसले. त्या माझी वाट बघताहेत, मी त्यांची.

"सुरू करू?" प्रधानवहिनी म्हणाल्या.

"करा ना. म्हणजे, मीच करायचं ना?"

"तुम्हीही करा. तुमचा हक्क पहिला. त्यांना बाहेर आणता येईल का? की आतच असू देत?"

यांना कशाला, असं मनात आलं. पण वाटलं, पाहुण्यांसमोर यजमान असावेत. "उठवते की."

"नको, नको, उठवू नका," तिघी एकदम म्हणाल्या. "आतच असू देत. आम्ही जप करतो, तुम्ही नुसतं मनात आणा."

जप? मी कालथा खाली ठेवला. वड्यांना जप कशाला? तेवढ्यात त्यांनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवातही केली. सगळ्यांनी मिटले म्हणून मीही मिटले. काय मनात आणायचं ते कळेना, म्हणून वड्या नीट होऊ देत असं मनात आणलं.

त्या झाल्या नाहीत. डोळे मिटलेले, जप चाललेला, आणि शेगडीवर गूळ उतू जाऊन निखाऱ्यावर पडला. काळा धूर उसळला. साठेबाईंना ठसका लागला, मोहिनी ओरडली, "आग, भाभी, आग."

आणि आतलं दार धाडकन उघडलं.

गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, विस्कटलेले केस, अशा अवतारात आमचे हे बाहेर आले. दोन बायकांवरून उडी मारली. पदर नाही, फडकं नाही, खुंटीवरचा माझा परकर ओढला आणि त्याच्या घडीने ते वाळूचं जड पातेलं कान धरून उचललं आणि अंगणात नेऊन आदळलं. परत आले, शेगडी उचलली, तीही नेली. मग नळाखाली बादली भरली, एका हाताने उचलून आणली आणि दारात उभं राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही काय भानगड आहे?"

समई तेवढी शांत जळत होती. साठेबाईंचे हात जोडलेलेच राहिले होते. त्या हळूच म्हणाल्या, "चालतात?"

"कोण?" मी म्हटलं.

"हे. हे चालतात?"

प्रधानवहिनी माझ्याकडे वळल्या. "वहिनी, यांना काय झालंय?"

"काय होणार? झोपमोड झाली. रात्रपाळी असते ना यांना."

"रात्रपाळी," प्रधानवहिनी म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, शब्द तोंडात नीट बसतोय का ते बघावं तसं, "रात्रपाळी."

मग सगळं बाहेर आलं. या चाळीत ओटाचा डबा यापूर्वी एकदाच आला होता, साठेबाईंच्या सासऱ्यांसाठी. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी पेज करून द्यायला सांगितलेले ओट. डबा संपायच्या आत म्हातारे गेले. तेव्हापासून ओट म्हणजे काय, हे चाळीत पोराटोरांना ठाऊक. "आणि तुम्ही तो डबा फुलं घालून खिडकीत ठेवलात," प्रधानवहिनी म्हणाल्या. "पडदे ओढलेले, माणूस दिवसभर निजलेला, आतून घरघर. आम्ही काय समजायचं?"

"पण मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अशा दुखण्याचं नाव घरच्या बाईला तोंडावर विचारतात का?"

नाही विचारत. मीसुद्धा विचारलं नसतं.

पहिली मोहिनी हसली. तोंडावर ओढणी दाबून हसली, पण हसली. बाकीच्या हसल्या नाहीत. त्यांचा राग नव्हता, पण ज्या माणसासाठी उपास धरले तो एका हातात बादली घेऊन समोर उभा, तेव्हा चेहरा कुठे ठेवायचा? सतरंजी गुंडाळली, समई उचलली. फळं परत घेऊन जा म्हटलं, तर प्रधानवहिनी दारातून म्हणाल्या, "राहू देत. तुम्हीच खा. आता निरोगी आहात सगळे."

खिडकीतला डबा मी त्याच दिवशी काढला. त्यानंतर कुणी आलं नाही. नळावर पुन्हा "काय वहिनी?" "काही नाही." पडवीतलं हसणं पुन्हा पडद्याच्या फटीतून. आता ते कशावर चाललंय ते मात्र न ऐकताही कळायचं. पाळी नाही, बशी नाही, दबक्या आवाजात कुणी कसं काय विचारत नाही. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची आणि भांडी नको तितकी घासायची.

यांच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "तुझ्या मैत्रिणी येत नाहीत हल्ली."

"कशाला येतील? घरात कुणी आजारी नाही."

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "थोडा पडू का मी आजारी? रजा शिल्लक आहे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आडव्या आवाजाचा माणूस, पण हे हळू म्हणाले.

असे काही दिवस गेल्यावर सकाळी गोमा आला. दूध घातलं, पण जाईना. माप हातात घेऊन दारात घुटमळत राहिला. मी पातेल्यात पाहिलं, दूध पुन्हा निळसर पातळ.

"गोमा, पुन्हा पाणी?"

"पाणी नाय गो बाय. तू तो खुराक बंद केलास काय?"

"कुठला खुराक?"

"तो चौकोनी. गुलाचा. चाळीतल्या समद्या बाया रोज मना द्यायच्या, अन्न टाकायचा नाय, म्हशीला घाल म्हनायच्या. मी इचारला, कोन बनवते? बोलल्या, ती मधली बाय."

मी दाराची चौकट धरली. "सगळ्या? रोज?"

"रोज. पयल्यांदा कोयत्यानी तोडायला लागायच्या. मंग म्हशीला दात बसले. आता पाटीत पेंड घातली तर नाक लावते आनी बाजूला होते." गोमाने मापाने डोक्यामागे खाजवलं. "रस्त्याकडं बगत उभी ऱ्हाते बाय. वाट बगते."

गोमा गेल्यावर मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या वड्या. आजाऱ्याच्या घरचं अन्न, खायची भीती, टाकायचं पाप, म्हणून म्हशीला. एकीनेही कण चाखला नव्हता. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण खोटं कशाला बोलू, एक दुसरा विचारही आला. या गावात कुणीतरी खरोखर माझी वाट बघत होतं. रजा न काढता, आजारी न पडता.

मी शेगडी पेटवली. यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोमाच्या हातात डबा भरून वड्या दिल्या. तिसऱ्या दिवशीही. रोज देत राहिले.

आठवडाभराने दुपारी दार वाजलं. दबकत नव्हे, चांगलं वाजलं. प्रधानवहिनी. चपला दारापर्यंत घालून आल्या होत्या.

"वहिनी, पुन्हा सुरू केल्यात वाटतं वड्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आज सायीला सुरी लावावी लागली." त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मग एकदम हसायला लागल्या, आणि मी हसायला लागले, आणि आतून यांचं घोरणं थांबलं तरी आम्ही थांबलो नाही. मागून साठेबाई आणि मोहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या तेही कळलं नाही. ओठांवर बोट ठेवायचं मला आठवलंच नाही.

"बसा ना," मी म्हटलं. "एक एक वडी देऊ?"

"वडी म्हशीला द्या," प्रधानवहिनी बसत म्हणाल्या. "आम्हाला चहा द्या."

तेव्हापासून दुपारची बैठक आमच्याकडेही भरते. हे कानात कापूस घालून झोपतात. तुम्ही आत्ता प्यायलात ना, तो चहा त्याच दुधाचा. बघा म्हणजे. माझ्या ओटाच्या वड्या अख्ख्या चाळीने खाल्ल्या, आज तुम्हीही खाल्ल्यात. फक्त मध्ये एक म्हैस लागली.